मायक्रोफोनपुढचा पंचा

पोरींनो, हे मी तुम्हा दोघींना इंग्रजीत लिहू शकले असते. कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि पुढे तीस वर्षं एका कंपनीत साहेबांची इंग्रजी पत्रंच उतरवून घेतली, त्यामुळे मला तेच सोपं गेलं असतं. पण ही हकीकत इंग्रजीत सांगता येत नाही. ‘प’ आणि ‘फ’ यांच्यात जेवढा श्वास असतो तेवढ्याच श्वासाची ही गोष्ट आहे आणि त्या श्वासासाठी इंग्रजीत वेगळं अक्षर नाही. तेव्हा सावकाश वाचा. अडेल तिथे बाबाला विचारा. यातलं निम्मं त्याला माहीत आहे. उरलेलं मी त्याला कधी सांगितलं नाही.

साल २००५. आम्ही कासार आंबोलीला राहायला येऊन पाच वर्षं झाली होती. निवृत्तीनंतर मोकळ्या हवेत राहायचं हा तुमच्या आजोबांचा हट्ट. ते ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाले होते आणि घराचा नकाशा त्यांनी स्वतः काढला होता. व्हरांडा मात्र घराच्या मानाने फार मोठा केला, कारण त्यांना बोलायला माणसं लागत. पौड रस्त्याकडे जाणारा कुणीही असो, फाटकाशी थांबला की आजोबा त्याला आत बोलावत आणि चहा मला करावा लागे.

त्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेले, तोंड डावीकडे ओढलं गेलं. अडीच आठवडे इस्पितळात काढून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, समजतंय त्यांना सगळं, फक्त ओठ मिटत नाहीत आणि जीभ जड झाली आहे. ‘फक्त’ हा शब्द डॉक्टरांनी वापरला होता. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं ते ‘हाणी’ असं.

आमच्याकडे दूध घालायला शेजारच्या मावशी येत. तुम्हाला त्या आठवतील. तुम्हाला म्हशीच्या पाठीवर बसवलं होतं त्यांनी. त्यांच्याच मालकांच्या शेतातला तुकडा आम्ही घराला घेतला होता. मावशी तेव्हा व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि गंभीरपणे मला विचारलं, “बाई, सायेब कुनाला हाना म्हनत्यात?” आजोबांच्या डाव्या गालावर हसू आलं. घरी आल्यापासूनचं ते पहिलं. मला मात्र हसायला सुचलं नाही. माझ्या हातात बेडपॅन होतं.

रविवारी परदेशातून तुमचा फोन यायचा. तुम्ही तेव्हा सहा आणि चार वर्षांच्या. आजोबांशी बोलायचं म्हणून मागे लागायच्या आणि मी रिसीव्हर त्यांच्याकडे न्यायची. ते मान हलवत. नाही. आजोबा झोपलेत, असं मी तुम्हाला सांगायची. असे किती रविवार गेले ते मी मोजलेलं नाही, पण एवढं झोपणारे आजोबा तुम्हाला नक्कीच विचित्र वाटले असतील.

कोथरूडला एक स्पीच थेरपिस्ट मुलगी मिळाली. आठवड्यातून एकदा त्यांना गाडीत घालून न्यायचं. नीट समजावून सांगायची ती. सुरुवात ओठांच्या अक्षरांपासून: प, फ, ब, भ, म. घरच्या माणसाने एक शब्द स्पष्ट म्हणायचा, त्यांनी लगेच तो तसाच्या तसा म्हणायचा. विचार करायचा नाही, ऐकलं तसं म्हणायचं. एक शब्द दिवसातून तीस वेळा. आणि तळवा तोंडासमोर धरायचा; ‘फ’ला आणि ‘भ’ला तळव्यावर वारा लागला पाहिजे. मी हे सगळं माझ्या वहीत क्रमाने उतरवून घेतलं. तळव्याची सूचना सातवी होती. पहिल्या सहा पाळता पाळता माझा दिवस संपायचा.

त्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. पडून असलेल्या माणसाचं करणं हे कुणालाही चुकत नाही आणि त्याचं वर्णन कुणाला ऐकायचंही नसतं. पिरंगुटहून एक फिजिओथेरपिस्ट एक दिवसाआड यायचा, बाकी सगळी मी. उचलायचं, पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची आणि या सगळ्याच्या मध्ये बोलत राहायचं. पाणी, पाणी, पाणी. फळ, फळ, फळ. दुपारपर्यंत माझा घसा कोरडा पडायचा. एकदा भाजी फोडणीला टाकताना मी एकटीच ‘भात, भात’ म्हणत होते आणि घरात ऐकायला कुणी नव्हतं. आजोबा आतल्या खोलीत झोपलेले होते. तेव्हा मला वाटलं, हे यंत्राकडे सोपवलं पाहिजे.

कॉम्प्युटर घरात होता. तुमच्या बाबाने तिकडून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर चांगला मायक्रोफोन पाठवला. मी मागच्या खोलीत टेबलावर सगळं मांडलं, शब्दांची यादी टाइप केली, एकूण दोनशे शब्द, आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

‘म’ ठीक आला. ‘प’ला आतून धप्प असा आवाज आला, जसं कुणी गादीवर गुद्दा मारावा. ‘फ’ आणि ‘भ’ तर विचारूच नका. ‘फळ’ म्हटलं की आधी फटाका आणि मग मागून ‘ळ’. तरी मी पहिले वीस शब्द सीडीवर घालून आजोबांच्या कानाला हेडफोन लावला. तिसऱ्या शब्दाला त्यांनी डाव्या हाताने तो ओढून काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी मुद्दाम केलं आहे.

बाबाने फोनवर समजावलं. मायक्रोफोनच्या आत एक अगदी पातळ पडदा असतो. तोंडातून आवाज येतो तसा वाराही येतो आणि तो वारा सरळ त्या पडद्यावर आदळतो. स्टुडिओत मायक्रोफोनसमोर जाळीची एक गोल चकती लावतात, तिला पॉप फिल्टर म्हणतात. आवाज त्यातून जातो, वारा पसरतो. विकत आणायची गरज नाही, तो म्हणाला, भरतकामाच्या रिंगमध्ये जुना नायलॉनचा लांब पायमोजा ताणून बसव आणि मायक्रोफोनपासून चार बोटं लांब ठेव. आपली आई साडी नेसते हे तो तिकडच्या दहा वर्षांत विसरला होता. असले पायमोजे माझ्याकडे कुठले?

रिंग होती. मोज्याऐवजी मी आजोबांचा एक जुना पंचा घेतला. एक पदर लावला, धप्प थोडं कमी झालं. दोन लावले, आणखी कमी. पंच्याची चौघडी केली आणि ती रिंगमध्ये जेमतेम बसवली तेव्हा धप्प पूर्ण गेलं. मी पलीकडे मेणबत्ती लावून पाहिली, कारण वीज सारखी जायची म्हणून आमच्याकडे मेणबत्ती हाताशीच असायची. ‘फळ’ म्हटलं तरी ज्योत हलली नाही. मला फार समाधान वाटलं. शिवाय एव्हाना त्या आवाजाची मला इतकी धास्ती बसली होती की ‘फ’ आला की मी आपोआप श्वास आवरून धरायची. नीटनेटकं काम करायची सवय मला आयुष्यभर आहे, आणि नीटनेटकं म्हणजे आवाज न होणारं, असं मी धरून चालले होते.

दोनशे शब्द रेकॉर्ड करायला नऊ दिवस लागले. वीज दिवसातून दोनदा जायची. पंखा बंद, खिडक्या बंद, कारण मावशींच्या विहिरीवरचा पंप सुरू झाला की तोही आत यायचा. शनिवार-रविवारी पलीकडच्या बंगल्यात पुण्याची मंडळी येऊन गाणी लावायची, ते दिवस वायाच. मार्चच्या उकाड्यात मी पदराने गळा पुसत एकेक शब्द म्हणत होते. पण सीडी झाली. आजोबांच्या उशाशी प्लेअर ठेवला, दिवसातून तीनदा ती लावायची असं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं, आणि मी कितीतरी दिवसांनी दुपारी खुर्चीत बसून चहा प्यायले.

खुर्ची दाराशी घेऊन मी वहीत नोंद करायची. बरोबरला खूण, चुकीला फुली. पंधरा दिवसांत ‘पाणी’ सुधारलं. ‘हाणी’चं ‘पाणी’ झालं. ‘बटाटा’, ‘बाक’, ‘मीठ’, ‘माळ’, सगळ्यांपुढे खुणा. पण फुल्याही ठरलेल्या जागी पडत होत्या. ‘फळ’ला ते ‘पळ’ म्हणत. ‘भात’ला ‘बात’. ‘भिंत’ला ‘बिंत’. मी दारातूनच म्हणायची, भात म्हणा, भात. नीट ऐका. ते पुन्हा ऐकत, जोर लावत, कपाळावर घाम यायचा, आणि पुन्हा ‘बात’.

त्या तीन आठवड्यांत मी त्यांना कोथरूडला नेलं नाही. सीडी आहे ना, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की त्यांना गाडीत घालायचं आणि काढायचं एवढंही बळ माझ्यात उरलं नव्हतं. हे मी बाबाला सांगितलेलं नाही.

मग एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने प्लेअर बंद केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, दमले असतील. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. मी भरवलं की जेवत, पण ‘पाणी’सुद्धा मागेनात, ग्लासकडे नुसते बघत. आलेलं सगळं परत गेलं. चौथ्या दिवशी माझा तोल गेला. मी म्हटलं, तुम्हाला बोलायचंच नसेल तर मी तरी कशाला मरमर करू? वही त्यांच्यासमोर धरली आणि त्या सगळ्या फुल्या त्यांना दाखवल्या. तेव्हापर्यंतच्या एक्केचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं लागेल असं काही बोलले नव्हते. त्यांनी वहीकडे पाहिलं नाही. डोळे मिटून घेतले.

त्यानंतरच्या सकाळी मी हट्टाने सीडी लावून ठेवली होती. कुणी म्हणत नव्हतं तरी ती वाजत होती. मावशी दूध घेऊन आल्या. मी पातेलं आणायला आत गेले आणि परत आले तर त्या आजोबांच्या दाराशी डोकं तिरकं करून उभ्या. मी त्यांना सांगितलं की साहेबांना ‘भ’ येत नाही, ‘फ’ येत नाही, महिना होत आला, डोकं फोडून घ्यावंसं वाटतं.

“त्यांना कसं यील?” मावशी म्हणाल्या. “त्या डबड्यातली बाईच बात म्हनतीया.”

मी म्हटलं, मावशी, त्या डबड्यात मीच आहे.

“व्हय, वळाकला की आवाज. तुमीच म्हनताय बात. आईका की. हे बगा. आता पळ म्हनला.”

मी पातेलं खाली ठेवलं आणि ऐकलं. इतके दिवस सीडी वाजायची तेव्हा माझ्या हातात यादी असायची. यादीवर ‘फळ’ लिहिलेलं होतं आणि मी ‘फळ’ ऐकत होते. आता हातात काही नव्हतं. माझाच आवाज स्वच्छ, संथ, थोडा दमलेला, म्हणत होता: पळ. मग थांबून पुन्हा: पळ. चार पदरी पंच्याने वारा अडवला होता, थोडाफार श्वास जो होता तो मी आवरला होता, आणि ‘फ’मध्ये श्वासाशिवाय दुसरं असतं काय? ‘भ’चंही तेच. मी लघुलिपी शिकले त्यात ‘प’ची रेघ बारीक आणि ‘ब’ची जाड. श्वासाची रेघच नाही. साहेबांचं एक अक्षर चुकलं तर मला ऐकू यायचं, म्हणून ऑफिसात माझ्या कानाचं कौतुक व्हायचं. त्या कानाला हे ऐकू आलं नाही.

आजोबा जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी पलंगावर बसले आणि म्हटलं, “चूक तुमची नव्हती. माझी होती. मी म्हणत होते तेच तुम्ही म्हणत होतात.”

ते माझ्याकडे वळले. मग ओठ जुळवायला लागले. मावशी जायला निघाल्या होत्या, त्याही थांबल्या. एकेक शब्द यायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही.

“मला वाटलं,” ते म्हणाले, “तू मला... पळ म्हणतेस.”

आणि मी काही बोलायच्या आत, “कुठे पळू?”

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. आजोबांचा डावा गालही हलला. पण त्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि ती थट्टा होती की दुसरं काही, हे मला तेव्हा कळलं नाही. रोज तीन वेळा, दर वेळी दहादा, दमलेल्या आवाजात बायको पळ म्हणते आहे, आणि आपल्याला उठताही येत नाही. नंतर एकदा मी त्यांना विचारलं, खरंच तसं वाटलं होतं का. त्यांनी हात हलवून विषय उडवला.

पंचा मी रिंगमधून काढला. पायमोजे अखेर डेक्कनवर मिळाले. एक पदर लावून पुन्हा रेकॉर्डिंगला बसले, पण माझा घसा बसला होता, आणि दुसरीही गोष्ट आता लक्षात आली: माझा ‘फ’ कॉन्व्हेंटमधला आहे. धास्तीने ओठ आवळलेले नसले की खालचा ओठ दाताखाली घालून मी तो म्हणते. आजोबांना हवा होता दोन्ही ओठांचा, वाऱ्याचा. तो मावशींकडे होता.

त्यांना विचारलं तर त्यांना पटेना. आपल्या आवाजात काय आहे, म्हशीला हाका मारायचा आवाज, असं म्हणाल्या. तरी आल्या, पाय धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन, जसं देवळात जावं. लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून मी वस्तू दाखवायची आणि त्यांनी म्हणायचं. मी फणसाच्या चित्रावर बोट ठेवलं आणि त्यांनी ‘फनस’ असं म्हटलं की एक पदर असून कॉम्प्युटरवरची रेघ वरच्या टोकाला गेली. मग दोन पदर लावले, रिंग चार बोटांवरून एक वीत लांब नेली, त्यांना मायक्रोफोनच्या थोडं बाजूला बसवलं, म्हणजे वारा पडद्याच्या कडेने निघून जाईल. या वेळी मेणबत्ती मी दोन्हीकडे लावून पाहिली. त्यांच्या बाजूची ज्योत आडवी झाली पाहिजे, पलीकडची जेमतेम थरथरली पाहिजे. आणि मग यादी उलटी करून, डोळे मिटून ऐकलं. ‘फ’ हा ‘फ’ होता. ‘भात’ भात होता. धप्पही होतं अधूनमधून, बारीक. ते मी राहू दिलं.

अर्थात ‘पाणी’चं ‘पानी’ झालं. मी एकदा सुधारलं. त्या म्हणाल्या, “पानीच म्हनतुया की.” पूर्वी मी दहा वेळा म्हणवून घेतलं असतं. मी पुढचं चित्र दाखवलं.

दोन-चार दिवसांनी मावशींना त्या यंत्राचा कंटाळा आला. दूध घालून झालं की त्या सरळ आजोबांच्या पलंगाशी बसू लागल्या. तळवा पुढे करायच्या आणि म्हणायच्या, “फुका हितं. जोरानं. भाकर म्हना.” बाकीच्या वेळी सीडी. मी त्या वेळात मागच्या खोलीत आडवी व्हायची. भिंतीपलीकडून भाकर, फनस, भोपळा असं चालायचं आणि त्यात माझा आवाज कुठे नसायचा. याचं मला वाईट वाटलं का? पहिल्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी मला झोप लागली.

मे महिन्यातल्या एका रविवारी तुमचा फोन आला आणि मी सवयीने म्हणायला लागले की आजोबा झोपलेत. तेवढ्यात त्यांनी डावा हात पुढे केला. मी रिसीव्हर दिला. फोनवर तुमच्यातली मोठी होती. ते थांबले, ओठ जुळवले आणि म्हणाले, “भात... खाल्ला व्हय?”

मग तू बारीक आवाजात मला मागितलंस. मी रिसीव्हर घेतला. तू विचारलंस, आजी, हे कोण आहेत? मी म्हटलं, आजोबा. तू म्हणालीस, नाही, आजोबा असे नाही बोलत.

मी उभ्या उभ्या दमले होते. आणि आजोबा हात पुढे करून होते, रिसीव्हर परत मागत होते. मी तो त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, या वेळी थोडं लवकर जमलं. ‘भ’चा वारा माझ्या मनगटाला लागला.

मग पलीकडून तू म्हणालीस, “हो. खाल्ला.”

त्यांनी मला स्टूल दाखवलं, बस म्हणून. फोन लांबणार होता.